३३ एचचा पत्ता

१९८३ साली तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात दोन अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. एक खुद्द जिल्ह्याच्या गावी, तेरणा पब्लिक चॅरिटेबल ट्रस्टचे. दुसरे तिथून वीस-बावीस किलोमीटरवर तुळजापुरात, आणि ते काढले श्री तुळजाभवानी मंदिर संस्थानाने. वसंतदादा पाटलांच्या सरकारने त्या वर्षी विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली होती. पाऊस हमखास हुलकावणी देतो अशा बालाघाटच्या पठारावर, ज्वारी-तुरीच्या मुलखात, इंजिनिअर होण्यासाठी पुणे-औरंगाबादला जायची गरज उरली नाही. देवीच्या संस्थानाने इंजिनिअर घडवायला घ्यावेत, हे मला आजही आपल्या शिक्षणाच्या इतिहासातले एक मोठे पान वाटते.

त्याच वर्षी मे महिन्यात, अमेरिकेत, मायक्रोसॉफ्टने आयबीएम पीसीसाठी आपला पहिला माऊस जाहीर केला. दोन हिरव्या बटनांचा, किंमत १९५ डॉलर. माऊस ही कल्पना तोवर जुनी झाली होती. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये लाकडी खोक्याचा पहिला माऊस बनवला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबार्टनी तो जगासमोर चालवून दाखवला. पण मायक्रोसॉफ्टच्या डबीत माऊसबरोबर आणखी एक गोष्ट होती: एक लहानसा ड्रायव्हर आणि त्याच्याशी बोलायचा ठरलेला नियम. प्रोग्रामला माऊसबद्दल काही विचारायचे असेल तर त्याने प्रोसेसरचा ३३ एच क्रमांकाचा इंटरप्ट, म्हणजे हातातले काम थांबवून ठरलेल्या कोडकडे वळवणारी हाक, उठवायचा. ‘एच’ म्हणजे सोळाच्या पायातला आकडा. आपल्या दशमानात तो ५१. पुढे लॉजिटेक, जीनियस अशा कंपन्यांनी आपापले ड्रायव्हर याच क्रमांकावर बसवले आणि डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या प्रत्येक माऊसला एकच पत्ता मिळाला.

तुळजापूर-धाराशिवची ही दोन महाविद्यालये आणि हा ३३ एच यांची गाठ पडायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. ती गाठ कशी पडली आणि तिने या भागातल्या मुलांना काय दिले, ते लिहून ठेवावे असे मनात होते. कारण त्या काळाबद्दल बोलताना आपण इंटरनेट आले, सायबर कॅफे आले, मुले पुण्याला गेली एवढेच सांगतो. त्याच्या आधीची आठ-दहा वर्षे, जेव्हा यंत्राशी थेट बोलायला शिकणे हेच शिक्षण होते, ती गाळली जातात.

पहिला प्रश्न यंत्र पोहोचण्याचा होता. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले, आयातीचे निर्बंध सैल झाले, एचसीएल, विप्रो, झेनिथ यांचे पीसी दिसू लागले. तरी एका पीसीची किंमत प्राध्यापकाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी होती. धाराशिव शहरातून तेव्हा रेल्वे जात नव्हती. जवळचे स्टेशन येडशी, आणि तेही कुर्डुवाडी-लातूर या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवर. मशीन, कार्ड, प्रिंटरची रिबन, फ्लॉपीचे डबे सगळे रस्त्याने यायचे, बहुतेक सोलापूरहून, काही वेळा थेट पुण्याहून. एखादे कार्ड जळाले तर नवे येईपर्यंत ते मशीन झाकून ठेवलेले असे.

कॉम्प्युटर लॅब ही महाविद्यालयातली सर्वांत सोवळी जागा होती. चपला बाहेर, पडदे ओढलेले, आणि बहुतेक ठिकाणी इमारतीतला एकुलता एक एसी याच खोलीत. संगणकांचे पडदे अंबर किंवा हिरव्या अक्षरांचे, एकरंगी. एका मशीनवर तिघे-चौघे. एकाचा हात कीबोर्डवर, बाकीचे वहीत लिहून आणलेला प्रोग्राम वाचून दाखवणारे. वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला तर तासाभराचे टाइपिंग वाहून जाई, म्हणून फाइल साठवायला दर पाच ओळींनी एफ-टू दाबायची सवय लागे. या खोलीत माऊस असलेली मशीन एखाद-दुसरीच, आणि तो माऊस बऱ्याच ठिकाणी कपाटात कुलूपबंद. अभ्यासक्रमात त्याचे नाव नव्हते. फोरट्रान, कोबोल, पास्कल, मग सी. कशालाच माऊस लागत नव्हता.

सी भाषेला तर तो ठाऊकच नव्हता. कर्निघन आणि रिची यांचे १९७८चे पुस्तक, त्याची १९८८ची दुसरी आवृत्ती, १९८९चे अन्सी मानक, कुठेही माऊसचा उल्लेख नाही. पडद्यावर एखाद्या ठरावीक जागी अक्षर छापायची सोयसुद्धा मूळ भाषेत नाही. त्या सोयी आणल्या बोरलंड या कंपनीच्या टर्बो सीने. पहिला टर्बो सी १९८७चा, आणि भारतभरच्या प्रयोगशाळांत जो वर्षानुवर्षे नांदला तो २.० त्याच्या पुढच्या वर्षाच्या आसपासचा. निळा पडदा, वर मेनू, लिहा-कंपाइल करा-चालवा सगळे एकाच ठिकाणी, आणि सगळे मिळून मोजक्या फ्लॉपींत मावणारे. त्यात ग्राफिक्सची स्वतंत्र लायब्ररी होती: रेघ, वर्तुळ, रंग भरणे, ठसे. पण त्या अख्ख्या लायब्ररीत माऊसचे एकही फंक्शन नव्हते. टर्बो सी २.० च्या निळ्या एडिटरलाही माऊस चालत नसे. तो आला १९९०च्या टर्बो सी++ मध्ये. म्हणजे आम्ही माऊसचे प्रोग्राम बाणांच्या कळा दाबत लिहीत होतो.

ही उणीव मला फार मोलाची वाटते. तयार फंक्शन मिळाले असते तर आम्ही ते वापरले असते आणि पुढे गेलो असतो. ते नव्हते म्हणून प्रत्येकाला ते स्वतः लिहावे लागले, आणि लिहिण्यासाठी यंत्राच्या पोटात हात घालावा लागला.

तो हात कसा घालायचा, हे नीट सांगितले पाहिजे. ८०८६ जातीच्या प्रोसेसरमध्ये मेमरीचे पहिले १०२४ बाइट एका तक्त्यासाठी राखलेले असतात. त्यात २५६ पत्ते, प्रत्येकी चार बाइटांचे. इंटरप्ट ३३ एच उठला की प्रोसेसर ५१ गुणिले ४, म्हणजे २०४ व्या बाइटापाशी जातो, तिथे लिहिलेला पत्ता उचलतो आणि त्या पत्त्यावरचा कोड चालवतो. माऊसचा ड्रायव्हर सुरुवातीला चालवला की तो मेमरीत ठाण मांडून बसे आणि या २०४ व्या बाइटापाशी स्वतःचा पत्ता लिहून ठेवी. विचारणाऱ्याने काय हवे ते रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांत, भरायचे, इंटरप्ट उठवायचा, आणि उत्तर त्याच रजिस्टरांतून वाचायचे. तहसील कचेरीतल्या खिडकीसारखा हा व्यवहार होता: खिडकीचा क्रमांक ठरलेला, अर्जाचे रकाने ठरलेले, आणि आत कोण बसले आहे याच्याशी अर्जदाराला कर्तव्य नाही.

टर्बो सीमध्ये यासाठी ‘इंट८६’ हे फंक्शन होते. रजिस्टरांसाठी ‘युनियन रेग्ज’ नावाचे दोन डबे घ्यायचे, एक जाणारा, एक येणारा. एएक्स या रजिस्टरात कामाचा क्रमांक टाकायचा. शून्य टाकले तर ड्रायव्हर आहे का ते कळते: असेल तर एएक्समध्ये सगळे सोळा बिट एक होऊन परत येतात आणि बीएक्समध्ये बटनांची संख्या. एक टाकले की बाण दिसतो, दोन टाकले की लपतो. आणि तीन, ज्यासाठी हा सगळा खटाटोप: बीएक्समध्ये बटनांची स्थिती, सीएक्समध्ये आडवी जागा, डीएक्समध्ये उभी. बीएक्सचा पहिला बिट डावे बटन, दुसरा उजवे, तिसरा असलेच तर मधले. लॅबमध्ये हे मराठीतच चाले. “एएक्समध्ये तीन टाक, इंट मार, आता बीएक्स बघ रे, एक आला का?” आणि एक आला की त्या मशीनभोवती जमलेली सगळी पोरे एकदम पुढे वाकत.

तो एक आकडा दिसणे ही साधी गोष्ट नव्हती. प्रोग्रामिंग म्हणजे तोवर दोन आकड्यांची बेरीज, फिबोनाचीची मालिका, मॅट्रिक्सचा गुणाकार होता. आत जे घातले तेच फिरून बाहेर. इथे पहिल्यांदा टेबलावरची हालचाल प्रोग्रामच्या आत शिरली. बोट दाबले आणि चलाची किंमत बदलली. ज्याने हे एकदा पाहिले त्याच्या डोक्यातला संगणक कायमचा बदलला, असे मी माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांबद्दल खात्रीने म्हणू शकतो.

पण हे वाटते तितके सरळ चालत नसे, आणि खरे शिक्षण त्या अडचणींत होते. अक्षरांच्या पडद्यावर ऐंशी स्तंभ आणि पंचवीस ओळी असतात, मग माऊस आडवा ६३२ का सांगतो? कारण ड्रायव्हर तिथेही ६४० गुणिले २०० चा कल्पित पडदा धरून चालतो. आलेल्या आकड्याला आठाने भागले की स्तंभ आणि ओळ मिळते. ३२० गुणिले २०० च्या रंगीत मोडमध्ये आडवा आकडा दुप्पट येतो, तो निम्मा करावा लागतो. ड्रायव्हर मेमरीत चढवलाच नसेल तर २०४ व्या बाइटापाशी काय आहे याचा भरवसा नाही. तिथे शून्ये असतील आणि तशाच अवस्थेत कोणी इंटरप्ट उठवला तर मशीन जागच्या जागी गोठे आणि रीसेटचे बटन शोधावे लागे. म्हणून जाणता मुलगा आधी तो पत्ता तपासून मगच पुढे जाई.

सर्वांत जास्त छळले ते बाण लपवण्याने. ड्रायव्हर बाण दाखवताना त्याच्या खालचे चित्र बाजूला जपून ठेवतो आणि बाण हलला की ते परत मांडतो. दरम्यान प्रोग्रामने त्याच जागी नवी रेघ मारली असेल तर बाण हलताच जुने चित्र त्या रेघेवर येऊन बसते आणि रेघेत खड्डा पडतो. उपाय असा की काढण्याआधी बाण लपवायचा, काढून झाले की दाखवायचा. त्यातही गोम होती. ड्रायव्हर आत एक मोजणी ठेवतो. दोनदा लपवला तर दोनदा दाखवावा लागतो. एका फंक्शनने लपवला, त्याने बोलावलेल्या दुसऱ्याने पुन्हा लपवला, आणि शेवटी एकदाच दाखवला, की बाण गायब तो गायब. माऊस हलतो आहे, आकडे येत आहेत, बटन कळते आहे, पडद्यावर मात्र काही नाही. या एका चुकीने फंक्शनांची उतरंड, कोण कोणाला बोलावते, सुरू केलेले काम कोणी संपवायचे, हे सगळे शिकवले. पाठ्यपुस्तकातल्या दहा पानांनी ते शिकवले नसते.

एकरंगी पडद्यांची आपली एक वेगळीच तऱ्हा होती. स्वस्त म्हणून अनेक प्रयोगशाळांत हर्क्युलिस कार्ड असे, ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचे. त्याचा ग्राफिक्स मोड बायोसला, म्हणजे मशीनच्या अंगभूत मूळ प्रोग्रामला, ठाऊक नाही, त्यामुळे ड्रायव्हरलाही कळत नाही की पडद्यावर आता अक्षरे आहेत की चित्र. बाण उमटतच नसे. तोडगा असा की सोळाच्या पायातल्या ४० सेगमेंटच्या ४९ व्या बाइटात स्वतःच्या हाताने ६ लिहायचे आणि मग ड्रायव्हरला पुन्हा शून्याची हाक मारायची. म्हणजे बायोसच्या वहीत मोडचा आकडा आपणच भरायचा आणि ड्रायव्हर तो खरा मानणार. ज्याला हे माहीत होते त्याला शेजारच्या हॉस्टेलवरून बोलावणे येई.

ही माहिती येत कुठून होती? मायक्रोसॉफ्टचे माऊस प्रोग्रामिंगचे अधिकृत पुस्तक १९८९ मध्ये निघाले, पण ते आमच्यापर्यंत पोहोचणे अवघड होते. अमेरिकेत राल्फ ब्राउन यांनी १९८० च्या दशकापासून डॉसच्या सगळ्या ज्ञात-अज्ञात इंटरप्टांची प्रचंड यादी जमवायला घेतली होती. तिच्या प्रती पुढे फ्लॉपींवरून फिरल्या. पण या भागातल्या मुलासाठी खरी वाट नागपुरातून आली. यशवंत कानेटकर हे मुंबईच्या व्हीजेटीआयचे आणि आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. नागपुरात त्यांनी शिकवायला आणि लिहायला सुरुवात केली, आणि दिल्लीच्या बीपीबी प्रकाशनाने त्यांची ‘लेट अस सी’, ‘रायटिंग टीएसआर्स थ्रू सी’, ‘ग्राफिक्स अंडर सी’ ही पुस्तके छापली. ‘लेट अस सी’च्या जुन्या आवृत्त्यांत हार्डवेअरशी बोलण्यावर स्वतंत्र प्रकरण होते. इंटरप्ट म्हणजे काय, रजिस्टर कसे भरायचे, इंट८६ कसे वापरायचे, सगळे लहान लहान प्रोग्रामांतून. मुंबईत विजय मुखी यांनीही ‘द सी ओडिसी’ मालिकेतून डॉसची आतडी उलगडून दाखवली.

कानेटकरांचे यश केवळ विषय निवडण्यात नव्हते. त्यांची इंग्रजी मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला कळत होती. वाक्ये लहान, एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक गोष्टीला चालणारा प्रोग्राम. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा संस्थेच्या मराठी शाळेत शिकून अकरावीला पहिल्यांदा सगळे विज्ञान इंग्रजीत वाचणाऱ्या कळंब, भूम, परंडा, उमरग्याच्या मुलाला अमेरिकी पुस्तक हाती घेतले की दोन पानांत दम लागे. हे पुस्तक तो रात्रीत पन्नास पाने वाचू शकत होता. नागपूरच्या एका शिक्षकाने लिहिलेल्या पुस्तकामुळे मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत ठरवलेला नियम धाराशिवच्या हॉस्टेलवर समजला, ही घटना आपल्या तंत्रशिक्षणाच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंदली जावी असे मला मनापासून वाटते. पुस्तक एकाकडे, झेरॉक्स दहांकडे. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर शून्य आणि आठ यांत फरक कळेनासा होई, आणि मग एएक्समध्ये चुकीचा आकडा जाऊन भलतेच काही घडे. त्यातूनही शोध लागत. काम क्रमांक सात आणि आठने माऊसला पडद्याच्या एका चौकटीत कोंडता येते, हे एका मित्राला अशाच चुकीच्या वाचनातून कळले. बाण अचानक एका आडव्या पट्टीबाहेर जाईना, आणि का जाईना याचा शोध घेता घेता त्याने काम क्रमांकांचा तक्ता पिंजून काढला.

माऊस आणि मशीन यांच्यातला दुवाही समजून घेण्यासारखा होता. आमच्याकडचे माऊस बहुधा सिरियल, नऊ पिनांच्या पोर्टवर लावायचे. त्याला वेगळा वीजपुरवठा नाही. पोर्टच्या इशाऱ्याच्या तारांवर जो किरकोळ विद्युतदाब असतो त्यावरच तो जगे. ड्रायव्हरने ती तार बंद करून पुन्हा चालू केली की मायक्रोसॉफ्ट पद्धतीचा माऊस आपली ओळख म्हणून ‘एम’ हे एकच अक्षर पाठवी. त्यानंतर प्रत्येक हालचालीला तीन बाइट, सेकंदाला १२०० बिट या वेगाने. पहिल्या बाइटात दोन्ही बटने आणि दोन्ही दिशांच्या आकड्यांचे वरचे दोन-दोन बिट, उरलेले सहा-सहा बिट पुढच्या दोन बाइटांत. हिशेब केला तर सेकंदाला चाळीसच्या आसपास निरोप होतात. हालचालीच्या एककाला ‘मिकी’ म्हणत, साधारण इंचाचा दोनशेवा भाग. ड्रायव्हर हे मिकी मोजून पडद्यावरच्या ठिपक्यांत बदलतो. आडवे आठ मिकी म्हणजे आठ ठिपके, उभे मात्र सोळा मिकी म्हणजे आठ. ज्यांना ड्रायव्हरवर समाधान नव्हते ते ३३ एचला वळसा घालून थेट पोर्टवरून हे तीन बाइट वाचत. आमच्या ओळखीत असे फार थोडे होते, पण होते.

आणि धूळ. माऊसच्या पोटात रबरी गोळी असे, ती दोन बारीक दांड्या फिरवी. मार्च-एप्रिलमध्ये बालाघाटावर वारा सुटला की बंद खिडक्यांतूनही बारीक माती आत येई, गोळीला चिकटे आणि दांड्यांवर काळी वळी बसे. बाण अडखळू लागे. आपल्या कोडमध्ये चूक आहे असे समजून तासभर डोके खाजवल्यावर कोणीतरी माऊस उलटा करून झाकण फिरवी, गोळी काढी आणि नखाने ती वळी खरवडी.

पुढचा टप्पा थोड्यांनीच गाठला. काम क्रमांक तीनने माऊस वाचणे म्हणजे पुन्हा पुन्हा विचारत राहणे. प्रोग्राम दुसऱ्या कामात गुंतला आणि तेवढ्यात कोणी बटन दाबून सोडले, तर ते हातून निसटते. त्यासाठी क्रमांक पाच होता: मागच्या वेळेनंतर किती वेळा दाबले आणि शेवटचे कुठे, ते ड्रायव्हर सांगतो. पण खरी हुशारी क्रमांक बाराची. त्याला आपल्या फंक्शनचा पत्ता द्यायचा आणि सांगायचे, काही घडले तर तूच मला हाक मार. इथे टर्बो सीने पुष्कळांना गंडवले. इंटरप्टसाठी त्यात ‘इंटरप्ट’ हा खास शब्द होता, म्हणून सगळे तोच वापरत. पण ड्रायव्हर या फंक्शनला दूरच्या साध्या कॉलसारखा बोलावतो आणि परतताना साध्या वाटेने यावे अशी अपेक्षा धरतो. ‘इंटरप्ट’ लिहिलेले फंक्शन परतताना स्टॅकवरून एक गोष्ट जास्त उचलते, आणि मशीन कोसळते. ‘ह्यूज’ जातीचे फंक्शन लिहून, आत शिरताच रजिस्टर वाचून घेतले की जमते. हे ज्याला जमले त्याला पुढे विंडोजचे प्रोग्रामिंग, जिथे सगळाच कारभार ‘मला हाक मार’ या रीतीने चालतो, समजायला फारसा वेळ लागला नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांत या सगळ्याचे चीज होई. चित्रे काढायचा प्रोग्राम हा सर्वांचा लाडका. डावीकडे रंगांच्या चौकटी, वर पेन्सिल, रेघ, खोडरबर. बटन म्हणजे चार रेघांचा चौकोन, दोन बाजू पांढऱ्या, दोन करड्या, आणि दाबल्यावर रंगांची अदलाबदल, की ते आत गेल्यासारखे दिसे. ग्रंथालयाची नोंद, मेसचा हिशेब, साखर कारखान्याच्या ऊस-वजनाची पावती, सगळ्यांना माऊसने चालणारा मेनू. मराठी अक्षरांची ओढ तर प्रत्येक तुकडीत कोणाला तरी असे. पुण्याच्या सीडॅक या संस्थेचे जिस्ट कार्ड पीसीवर देवनागरी दाखवत होते, पण ते वेगळे कार्ड विकत घ्यावे लागे. मग एखादा मुलगा सोळा गुणिले सोळा चौकटींचे जाळे पडद्यावर काढी, माऊसने एकेक चौकट काळी करून ‘अ’ घडवी आणि फाइलमध्ये साठवी. जोडाक्षरांपाशी आल्यावर त्याला लिपीचा खरा पसारा कळे. अशा प्रोजेक्टांना किती गुण पडले ते महत्त्वाचे नाही. आपली भाषा पडद्यावर आणायला आपणच हत्यार बनवायचे, ही हिंमत त्या जाळ्यात होती.

मग विंडोज ९५ आले. ग्राफिक्सच्या पडद्यावर माऊस हा पाहुणा न राहता घरचा मालक झाला आणि त्याची काळजी घेणे प्रोग्रामरच्या हातून सुटले. २००१ मध्ये एमकेसीएलची (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड) स्थापना झाली, तिच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्या-तालुक्यात उघडले. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, गृहिणी असे सगळे पहिल्यांदा माऊस हातात धरू लागले. पेंटमध्ये घर आणि डोंगर काढून हात स्थिर करायचा, डबल क्लिक जमवायचा. जिल्ह्यातल्या बहुसंख्य लोकांची माऊसशी ओळख ही अशी झाली, आणि ती फार मोठी गोष्ट आहे. तिच्यापुढे आमच्या लॅबमधल्या मूठभर पोरांची कथा लहान आहे, हे मला मान्य आहे.

टर्बो सी मात्र लगेच गेला नाही. महाविद्यालयांत, आणि बारावीच्या संगणकशास्त्रात सी++ शिकताना, तोच निळा पडदा पुढेही कित्येक वर्षे होता. ३२ बिटांच्या विंडोजने डॉसचे प्रोग्राम आणि त्यांच्याबरोबर इंटरप्ट ३३ एच आपल्या आत सांभाळला. ६४ बिटांच्या विंडोजने सोळा बिटांचे प्रोग्राम चालवणे सोडले आणि तो पत्ता बंद झाला. तेव्हा डॉसबॉक्स कामाला आला. २००२ मध्ये निघालेला हा मोफत प्रोग्राम जुन्या खेळांसाठी बनवलेला, पण त्याने अख्खे डॉस मशीन सॉफ्टवेअरमध्ये उभे केले आणि माऊसचा ड्रायव्हर आतच बांधून दिला. आपल्याकडे टर्बो सी त्यात गुंडाळून वाटला गेला, आणि दोन हजारच्या दशकात जन्मलेली मुलेसुद्धा इंट८६ लिहून बाण हलवताना दिसली. प्राध्यापकांनी जुने कंपायलर धरून ठेवल्याबद्दल पुष्कळ टीका झाली, आणि ती रास्त आहे. नव्या मानकातला सी त्यावर चालतच नाही. तरी सगळ्यांत खालच्या पायरीवर उभे राहून यंत्राला प्रश्न विचारण्याचा हा एक धडा त्या निमित्ताने टिकला.

आता उरले आहेत ते प्रोजेक्टचे अहवाल. कापडी पाठीच्या, सोनेरी अक्षरांच्या त्या जाड वह्या. त्यांच्या परिशिष्टात डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलेला संपूर्ण कोड असे, कारण तसा नियमच होता. सव्वापाच इंची फ्लॉपी बुरशीने आणि उन्हाने गेल्या असतील, पण कागद अजून वाचता येतो. टर्बो सी २.०१ पुढे मूळ कंपनीनेच आपल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहात मोफत ठेवला. म्हणजे कोड टंकून घेतला तर तो आजही डॉसबॉक्समध्ये चालतो. धाराशिव आणि तुळजापूरच्या महाविद्यालयांनी, आणि त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी, रद्दीची गाडी यायच्या आत १९८८ ते २००० मधले असे अहवाल वेगळे काढावेत. प्रत्येकावर वर्ष, विषय, कंपायलरची आवृत्ती आणि कोणत्या कार्डावर तो चालला एवढे नोंदवावे, आणि परिशिष्टाची पाने आधी स्कॅन करावीत. डॉट मॅट्रिक्सची शाई फिकी पडत जाते.